बोट तीच!

माणसाने पंचेचाळिशीत काय वाटेल ते करावे, पण जुनी बोट विकत घेऊ नये. मी घेतली. रंकाळ्याच्या काठी बसून भेळ खाणे, यापलीकडे माझी जलक्रीडा कधी गेली नव्हती. पण शिरोळकडच्या एका काकांच्या वाड्यात ती सागवानी मोटारबोट पाहिली आणि जीव जडला. काकांच्या वडिलांनी मालवणहून सुतार आणवून, माप देऊन बांधून घेतलेली.

"2005 च्या पुरात आईला ह्यातनंच बाहेर काढलं," काका म्हणाले. "विकतोय, पण तिला हाय तशी ठेवा."

मी ऐटीत शब्द दिला. शब्द देताना व्याज दिसत नाही. ते मागाहून चढते.

बोट आमच्या परड्यात आली. सुताराने तळाला पटाशी लावली, ती मुठीपर्यंत आत गेली. "सायेब, ही फळी गेली." पुढल्या आठवड्यात शेजारचीही गेली. फटींत कापूस आणि राळ भरायची, एवढाच माझा बेत. पण इथे फटी शाबूत आणि फळ्याच गायब! दिवाळीपर्यंत तळ नवा, बाजू नव्या, इंजिनसुद्धा दुसरे. जुन्या फळ्या शोधतो, तर सौ.ने त्या बंबात घातलेल्या. बोटीने मला पाण्यात नेण्याऐवजी पाणीच तापवून माझ्याकडे पाठवले होते.

आता ही बोट काकांची, की दुसरीच? प्रश्न जुना आहे. अथेन्सकर थिसियसच्या जहाजाची कुजेल ती फळी बदलत गेले आणि जहाज तेच की निराळे यावर तत्त्वज्ञ भांडत बसले, असे प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला विचारले, आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? राजा 'नाही, नाही' म्हणत गेला. अखेर ठरले, की या सगळ्यांच्या जुळणीला रथ हे नुसते नाव. राजाचे बरे होते; त्याला तो रथ जुन्या मालकाला दाखवायचा नव्हता.

मी आपले बँकेतले उत्तर शोधले. बचत खात्यात परवा भरलेली नोट आज तिथे नसते, तरी खाते तेच. कारण देणे तेच.

काका आले. काठावरून हात फिरवीत म्हणाले, "हीच न्हवं आमची?"

बचत खाते घशात अडकले. 'हो' म्हणावे तर खोटे, 'नाही' म्हणावे तर त्यांची आई पुन्हा पुरात! शेवटी खरे ते सांगितले, बंबासकट.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाणी चढलं आन् हाक मारली, तर येणार न्हवं तुम्ही हिला घिऊन?"

"येणार."

"मग तीच."

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 साली नदीने ती ओलांडली. म्हणजे हे देणे कधीही मागणीला येणार. बोट तीच आहे. खातेदार तेवढा नवा. आणि त्याला पोहता येत नाही, हे काकांना सांगायचे राहून गेले. सोमवारपासून शिकवणी लावली आहे.