आत्याचा मान

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, ओढ्याकाठच्या घरात, भाद्रपदात मुलगा झाला. लग्नाला सात वर्षं झाली होती. सुनेला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आरोग्य केंद्रातून बाळ-बाळंतीण घरी आली. पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा झाली. सटवाई रात्री येऊन नशीब लिहिते म्हणून पाट्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून घरात नावाचा विषय सुरू झाला.

आजोबांना वाटत होतं, पोराला आपल्या वडिलांचं नाव द्यावं, ज्ञानबा. त्यांनी खडकाळ माळ फोडून शेत केलं होतं. ते गेल्यापासून घरात ते नाव कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. आजीनं पालीच्या खंडोबाला नवस बोललेला होता. तिच्या मनात खंडेराव होतं. जोशीकाकांनी पंचांग पाहून रोहिणी नक्षत्र, तिसरं चरण सांगितलं. नक्षत्रं २७, प्रत्येकाची चरणं चार, अशी १०८ अक्षरं पूर्वापार ठरलेली असतात. त्यातलं 'वी' या पोराच्या वाट्याला आलं. बापानं त्या अक्षरावरून मोबाइलमध्ये शोधून 'विहान' काढलं. अर्थ पहाट, आणि वाडीत दुसरा विहान नव्हता.

तिघांचाही जीव बाळावर होता. म्हणूनच कुणी मागे सरत नव्हतं. जेवायला बसलं की नाव निघायचं आणि ताटावरून उठताना सगळे गप्प असायचे.

सुनेला कुणी विचारलं नाही. मुद्दाम वगळलं असंही नाही. तिला विचारायचं असतं, हेच कुणाच्या मनात आलं नाही.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. या घरात आत्या तिघी. थोरली होती, मधली होती, पण आजीनं आधीच सांगून टाकलं होतं, "माझ्या लेकाला धाकटीनं आणलं. नातवाचं नावही तीच ठेवंल."

धाकटीचं नाव नकुसा. दोन मुलींवर तिसरी झाली तेव्हा ते पडलं, आणि तिच्या पाठीवर खरोखरच मुलगा झाला. म्हणून घरात ती पायगुणाची. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं, मंगल. तेव्हापासून सासरी ती मंगल आणि माहेरी आली की नकुसा. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेनं जिल्ह्यातल्या असल्या नावाच्या मुली शोधून काढल्या आणि २८० हून अधिक मुलींना साताऱ्यात समारंभ करून नवी नावं दिली. तेव्हा ही लेकुरवाळी होती. तिच्या सासरच्या आळीतली एक शाळकरी पोर त्या दिवशी नवं नाव घेऊन परत आली. हिनं तिला दारात थांबवलं आणि ते नाव तिच्या तोंडून दोनदा म्हणवून घेतलं.

बारशाच्या दोन दिवस आधी ती माहेरी आली. हातपाय धुऊन बाळाला मांडीवर घेते न घेते तोच आई जवळ सरकली. भंडाऱ्याची पुडी तिच्या ओटीत ठेवत म्हणाली, "कानात खंडेराव म्हण. देवाचं देणं हाय."

तिन्हीसांजेला भाऊ आला. "आक्का, उद्या हा शाळेत जाईल. तिथं सगळ्यांची नावं अशीच असतात. माझं पोरगं मागं राहायला नको."

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी माळ्यावरून आपल्या वडिलांची जुनी घोंगडी काढली, उन्हात झटकली आणि पाळण्याच्या तळाशी घडी करून ठेवली.

ती प्रत्येकाला म्हणाली, "बघू."

रात्री ती भावजयीजवळ झोपली. शेगडीत ओव्याचा धूर होता. "तुझ्या मनात काय हाय गं?" तिनं विचारलं.

भावजय थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वन्सं, नाव असं काही ठरवलं नाही. एवढंच वाटतं, बांधावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडं ऐकू जावी. पोरं तिकडंच खेळतात. पाणी वाढलं तर लगेच बोलावता आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या एकटीच बांधावर गेली. ओढा भरून वाहत होता. पलीकडे एक म्हातारबा म्हशी चारत होता. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली, "ज्ञानबाऽऽ!" म्हातारबानं वर पाहिलं. "खंडेरावऽऽ!" त्यानं पुन्हा पाहिलं. "विहाऽऽन!" त्यानं हातातली काठी टेकली आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. तिन्ही नावं पलीकडे पोचत होती. पाण्याच्या आवाजातून, वाऱ्यातून, व्यवस्थित पोचत होती.

मग पलीकडून हाक आली, "कुणाला बोलावतीस गं, नकुसेऽऽ?"

तेही नाव पोचलं. अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

ती तिथंच थांबली. लहानपणी पालीच्या यात्रेत ती एकदा चुकली होती. गर्दीत सगळीकडे भंडारा उधळलेला, ढोल वाजत होते, आणि त्या सगळ्यावरून आईची हाक तिला ऐकू आली होती. आई तिचं नाव घेऊन पुन्हा पुन्हा हाका मारत होती. आजूबाजूची अनोळखी माणसं मान वळवून बघायला लागली, तशी ती बांगड्यांच्या पालामागे जाऊन उभी राहिली. हाक पोचली होती, पण ती गेली नव्हती. शेवटी आबांनी शोधून काढलं आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. "ऐकू येत न्हाई काय?" ते म्हणाले होते. तिनं उत्तर दिलं नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ती ओट्यावर आबांपाशी जाऊन बसली.

"आबा, माझं नाव कुणी ठेवलं?"

आबांनी पानाचा डबा उघडला, तसाच मिटला. "कुणी ठेवलं न्हाई," ते म्हणाले. "तुझं बारसंच झालं न्हाई. सुईण भाईर आली, मुलगी म्हणाली. इथं बसलेली माणसं म्हणाली, आता ही नको व्हती. तेच सगळ्यांच्या तोंडात बसलं. शाळेत घालताना मास्तरांनी नाव इचारलं. मी तेच सांगितलं."

ती काही बोलली नाही.

"दुसरं सांगता आलं असतं," आबा म्हणाले. "मास्तर लिहायला बसलेच व्हते."

बराच वेळ दोघं बसून राहिली. उठताना आबा म्हणाले, "ज्ञानबा ठेव असं मी आता म्हणणार न्हाई. तू ठेवशील ते."

सकाळी भावजय बाळाला तेल लावत होती. आत्या तिच्या समोर बसली.

"एक सांग. हा झाला तेव्हा तुला पहिलं काय वाटलं?"

भावजयीचा हात थांबला. "बरं वाटलं," ती म्हणाली. "लई बरं वाटलं."

"आणि मुलगी झाली असती तर?"

"तरी तेच वाटलं असतं, वन्सं. मला आई नाही. माझं म्हणायला कुणीतरी यावं, एवढंच मागत होते."

आत्यानं बाळाचा तेलकट पाय हातात घेतला आणि उरलेलं तेल तिनंच जिरवलं.

दुपारी बारसं झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या. परातीत घुगऱ्या भरून ठेवल्या. वरवंट्याला कुंची घालून बायकांनी तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवला, मग बाळाला तसंच फिरवून पाळण्यात घातलं. पाळणा म्हणून झाला. आत्या चुलीपाशी होती.

आबा दारात उभे होते. त्यांनी हाक मारली, "मंगल, ये गं. बाळ वाट बघतंय."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. या घरात त्या नावानं कधी कुणाला बोलावलं नव्हतं. पण आत्या उठली, पदराला हात पुसत लगबगीनं आली आणि पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानाशी तिनं नाव सांगितलं. "कुर्रर्र" म्हणत बायकांनी तिच्या पाठीवर बुक्के घातले आणि सगळ्या एकदमच विचारू लागल्या, "काय ठेवलं? काय ठेवलं?"

"आनंद," ती म्हणाली. मग आईकडे बघून म्हणाली, "मुलगी असती तर आनंदी ठेवलं असतं."

भावानं जोशीकाकांकडे पाहिलं. अक्षर तर चुकलं होतं. जोशीकाका म्हणाले, "पत्रिकेत 'वी'चं जन्मनाव मी लिहितो. ते पत्रिकेत राहील. हाकेचं नाव घराच्या मनाचं." आजी क्षणभर गप्प बसली. मग तिनं परात पुढे ओढली आणि पहिली ओंजळ घुगऱ्या सुनेच्या ओटीत घातली.

नकुसा हे नाव एका मुलीचं होतं, पण त्यातला निरोप देवाला होता: पुढच्या वेळी मुलगा दे. मुलीनं तो निरोप जन्मभर वाहायचा होता. ज्ञानबा, खंडेराव, विहान ही नावं त्याच्या शेजारी ठेवावीत अशी मुळीच नव्हेत. त्यांच्यात माया होती. तरी त्या प्रत्येकातही एक निरोप होता, गेलेल्या बापाला, पालीच्या खंडोबाला, बघणाऱ्या गावाला. ज्याला ते नाव घेऊन जगायचं, त्याच्याशी बोलणारं नाव सुनेच्या एकटीच्याच मनात होतं, आणि ते कुणीतरी विचारण्याची वाट बघत होतं. आत्यानं विचारलं, कारण तिला हाक ऐकू येऊनही न जाणं माहीत होतं.

बारशानंतर चार दिवसांनी भाऊ जन्माच्या नोंदीत नाव घालायला गेला. घाई तशी नव्हती, कायद्यानं वर्षभरात विनाशुल्क नाव घालता येतं. पण त्याला थांबायचं नव्हतं. कारकुनानं लिहिलं: आनंद, त्यापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदावर अशीच लिहायची असतात. घरी येऊन त्यानं दाखला बायकोच्या हातात दिला. तिनं तो वाचला, परत वाचला आणि पेटीत लग्नाच्या शालूखाली ठेवला.

आबा पोराला अधूनमधून ज्ञानबा म्हणत राहिले. बापाच्या मोबाइलमध्ये फोटोखाली विहान लिहिलेलं होतं, ते त्यानं काही दिवसांनी बदललं. आजीनं नवस मात्र फेडला. पौषात पालीची यात्रा भरली तेव्हा ती नातवाला घेऊन गेली. कपाळाला भंडारा लावला, तळी भरली. रांगेतल्या एका बाईनं बाळाच्या गालाला हात लावून विचारलं, "नाव काय हो याचं?"

"आनंदा," आजी म्हणाली, आणि त्या बाईला ते नाव कुणी ठेवलं तेही सांगू लागली.