सर्वकालीन अकरा आणि फाटकाबाहेरचे

सर्वकालीन भारतीय क्रिकेट संघात पळवणकर बाळूंना जागा मिळू शकत नाही, कारण ते एकही कसोटी खेळले नाहीत, असे विधान संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी नुकतेच वसमतच्या एका व्याख्यानात केले. त्यांचे म्हणणे असे की, कोणत्या काळातला खेळाडू थोर हा वाद भावनेने कधी मिटत नाही, आकड्यांनी मिटतो. ज्याला त्याला त्याच्या काळाच्या सरासरीशी ताडून पाहावे, म्हणजे १९३० आणि २०२० एका पातळीवर येतात. टाळ्या पडल्या. मलाही ही पद्धत वर्षानुवर्षे पटत आली आहे. म्हणूनच ती कुठे मोडते हे नीट मांडण्याची जबाबदारी मी माझी समजतो.

या पद्धतीचा मला सर्वांत प्रिय असलेला वकील क्रिकेटमधला नाही. स्टीफन जे गूल्ड हार्वर्डचे जीवाश्मशास्त्रज्ञ, उत्क्रांतीचे अभ्यासक आणि बेसबॉलचे निस्सीम भक्त. ‘फुल हाउस’ या १९९६च्या पुस्तकात त्यांनी एक जुने कोडे घेतले. बेसबॉलमध्ये हंगामाची सरासरी चारशेवर नेणारा, म्हणजे हजार संधींत चारशेहून अधिक यशस्वी फटके मारणारा, शेवटचा फलंदाज टेड विल्यम्स. साल १९४१, आकडा ४०६. त्यानंतर कुणी तिथवर पोचले नाही. जुन्या रसिकांनी निष्कर्ष काढला की आता तसे खेळाडू जन्मत नाहीत. गूल्डने सगळ्या खेळाडूंचे आकडे मांडले आणि दाखवले की सर्वांची मिळून सरासरी २६०च्या आसपासच राहिली आहे. आकसले आहे ते उत्तम आणि सामान्य यांच्यातले अंतर. माणसाच्या क्षमतेला एक भिंत असते. उत्तम खेळाडू पूर्वीही त्या भिंतीजवळच होता. नंतरच्या काळात सामान्य गोलंदाज, सामान्य क्षेत्ररक्षकही तिच्याजवळ सरकले, म्हणून उत्तमाला उठून दिसणे कठीण झाले. चारशेचा फलंदाज नाहीसा होणे हे खेळ सुधारल्याचे लक्षण आहे.

हा विचार मी प्रथम वाचला तेव्हा आपल्या जुन्या विक्रमांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. विजय मर्चंट यांची रणजीतली सरासरी ९८.७५. तिच्यात मर्चंट यांचे कौशल्य किती आणि समोरच्या गोलंदाजीतला दुबळेपणा किती, हे गूल्ड विचारायला लावतात. १९४८-४९चा रणजी हंगाम घ्या. पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या उपांत्य सामन्यात मिळून २३७६ धावा झाल्या. त्याच हंगामात, त्याच पुण्यात, डिसेंबर १९४८मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२चा विश्वविक्रम मागे टाकायला दहा धावा हव्या होत्या. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी खेळ पुढे चालवायचे नाकारले आणि संघ निघून गेला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. त्या धावा स्वस्ताईच्या हंगामातल्या होत्या, हे मी मान्य करतो. पण त्याच हंगामात, त्याच खेळपट्ट्यांवर इतर कुणीही तिथवर गेले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. अशा माणसाला एकदाही कसोटीत उतरवून न पाहणाऱ्या निवड समितीचा राग मला आजही येतो.

इथपर्यंत गूल्ड माझ्यासोबत आहेत. पुढे त्यांचा हात सोडावा लागतो, आणि तो सोडवला जॉश गिब्सनने.

गिब्सन काळा होता. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल संघांत त्या काळी काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून तो त्यांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला. जानेवारी १९४७मध्ये तो वारला. त्याच एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनने बंद दार उघडले. मे २०२४मध्ये मेजर लीगने त्या वेगळ्या लीगचे १९२० ते १९४८ या काळातले आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबचा ३६७ मागे पडला, गिब्सनचा ३७२ वर आला. आणि एका हंगामाच्या नोंदीत १९४३ सालासमोर गिब्सनचा ४६६ हा आकडा लागला. विल्यम्सनंतर दोन वर्षांनी! गूल्डने ज्या ‘शेवटच्या’ माणसापासून कोडे सुरू केले, तो शेवटचा नव्हताच. काळ्यांच्या लीगचे हंगाम छोटे होते, त्यांची तुलना कशी करायची, असा आक्षेप लगेच आला, आणि त्यात तथ्य आहे. मात्र ते हंगाम छोटे कुणामुळे राहिले, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगायला हवे.

माझ्या स्नेह्यांच्या पद्धतीतली भेग इथे दिसते. वसमतच्या मोंढ्यात हळदीचे बीट होते तेव्हा कांडीचा भाव त्या दिवशी आलेल्या मालाशी ताडून ठरतो. निम्म्या गाड्या फाटकावरच अडवल्या असतील, तर आत निघालेला सर्वोच्च भाव सर्वोत्तम मालाचाच आहे असे कोण म्हणेल? काळाची सरासरी काढताना तो काळ कुणाकुणाला मैदानात येऊ देत होता, हे आधी तपासावे लागते. ब्रॅडमन असोत की मर्चंट, ही तपासणी सर्वांनाच लागू आहे.

आता बाळू. चर्मकार समाजात जन्मलेला हा माणूस पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायचा आणि साहेबांना तासन्‌तास सरावासाठी डावखुरी फिरकी टाकायचा. तिथे त्याच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही, त्यामुळे फलंदाज म्हणून तो किती मोठा झाला असता हे कुठल्याच सूत्रातून निघणार नाही. पुढे हिंदूंच्या संघात घेतल्यावरही सहकाऱ्यांबरोबर चेंडू एकच, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि बहुतेक सामने हरला. त्या हरणाऱ्या संघातून बाळूंनी १८.८४च्या सरासरीने ११४ बळी घेतले, तेही इंग्लिश फलंदाजांचे, त्यांच्याच मैदानांवर. एकूण ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. त्या काळच्या खेळपट्ट्या गोलंदाजाला धार्जिण्या होत्या, हे गूल्डच्या शिष्याला मान्यच करावे लागेल. पण भारताची पहिली कसोटी १९३२ची, आणि तोवर बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. कसोटीची अट घालणे म्हणजे त्यांच्या जन्मसालाला दोष देणे.

स्नेही म्हणाले, “असे मोजायला बसलात तर अडवलेला प्रत्येक पोरगा ब्रॅडमन ठरेल.” तसे मी म्हणतच नाही. १९३४मध्ये रणजी सुरू झाली तेव्हा आमचे वसमत निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. इथल्या पोराला रणजी खेळायची तर हैदराबाद गाठावे लागले असते. निंबाळकर पुण्यात खेळत होते त्या डिसेंबरात इथे जनरल चौधुरींचा लष्करी अंमल होता. राज्यांची पुनर्रचना झाल्यावर हैदराबादच्या जागी पुणे आले. जालन्याच्या विजय झोलने २०११मध्ये एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत नाबाद ४५१ केल्या, तेव्हा मराठवाड्यात असे हात आहेत हे सगळ्यांना दिसले. त्याआधीच्या पिढ्यांत ते होते की नव्हते, मला ठाऊक असणे शक्य नाही, आणि त्यांच्यातल्या कुणालाही मी संघात घेत नाही. बाळूंचे तसे नाही. ते अर्ध्या उघड्या फाटकातून आत आले, खेळले, आणि त्यांचे आकडे छापील आहेत.

म्हणून माझा संघ असा. सलामीला गावसकरांबरोबर विनू मंकड. पंकज रॉय यांच्यासोबत ४१३ धावांची सलामी देणारा हा माणूस तिथे शोभतो. मर्चंट यांना मोठ्या दुःखाने मी बाहेर ठेवतो. मंकड सलामीला गेल्यावर डावखुऱ्या फिरकीची जागा मोकळी होते. तिथे बिशनसिंग बेदींचे २६६ कसोटी बळी समोर असतानाही मी बाळूंना घेतो, कारण बेदींना पाठीशी भक्कम संघ लाभला होता आणि १९११च्या उन्हाळ्यात बाळूंना तो नव्हता. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी दिले गेले नाही. १९२३मध्ये ते धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. माझ्या संघाचे कर्णधार बाळूच आहेत, आणि स्नेह्यांनी यावर आकडे घेऊन यावे.