कच्चे मडके

हळद काढून, शिजवून, वाळवून झाली, की हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे जुनाच प्रश्न उभा राहतो: माल आजच वसमतच्या बाजारात न्यावा, की भाव चढेपर्यंत घरात ठेवावा? थांबणारा लोभी व विकणारा समाधानी, असा निवाडा आम्ही करणार नाही. व्याज थांबत नाही हे खरे. पण मुलीच्या शिक्षणासाठी चार पैसे अधिक मिळवावेत असे वाटणे, हे पाप कसे?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सुज्ञतेचे जे घटक सांगितले, त्यांत दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी हाही एक आहे. त्याच शतकात जन्मलेले संत नामदेव परंपरेनुसार याच जिल्ह्यातील नर्सीचे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून पाहिली, तेव्हा नामदेव रागावले आणि कच्चे मडके ठरले, अशी कथा आहे. विठ्ठलाचे लाडके भक्त ते! अपमान झोंबलाच. तरीही ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे शिष्य म्हणून गेले. त्या थापेपेक्षा हे जाणे आम्हांला मोठे वाटते.

आम्हां धर्मगुरूंना सल्ला देण्याची सवय फार, घेण्याची थोडी. हळदीच्या ढिगाजवळ बसलेला कर्ता पुरुषही निराळा नसतो. भाव तो दहा जणांना विचारतो; कर्ज किती, हे मात्र पत्नीलाही सांगत नाही. वर्षभर त्याच शेतात तिने खुरपणी केलेली असते. तिच्यापुढे हिशेबाची वही उघडणे त्याला औंढ्याच्या त्या वाटेइतकेच जड जाते.