मेंढपाळ कोणी निवडावा?

इंग्लंडमधील एखाद्या अँग्लिकन पॅरिशचा धर्मगुरू निवृत्त झाला म्हणजे त्याच्या जागी कोणी यावयाचे, हा वरकरणी कारभाराचा प्रश्न. परंतु ज्याच्या हातून मुलांचा बाप्तिस्मा व्हावयाचा आणि मरणोन्मुख माणसाने ज्याच्याजवळ मन मोकळे करावयाचे, असा मेंढपाळ कळपाने स्वतः निवडावा, की कळपाचे हित अधिक जाणणाऱ्या कोणी?

इतिहासाने ह्याचे उत्तर फारसा विचार न करताच देऊन टाकले होते. मध्ययुगात ज्या जमीनदाराने चर्चला जागा दिली, त्याच्याकडे बिशपपुढे आपल्या पसंतीचा माणूस उभा करण्याचा हक्क आला. तो वारसाने जाऊ लागला, विकलाही जाऊ लागला. आपल्याकडील ग्रामजोशाच्या वतनाची येथे आठवण होईल. पण ते वतन जोशाचे स्वतःचे असे, येथे मात्र वतनदार एक आणि उपासना चालविणारा दुसरा. पैसे देऊन धर्मपद मिळविणे हे पाप. पद देण्याचा हक्क विकत घेणे मात्र सभ्य गृहस्थांचा व्यवहार! जेन ऑस्टेनच्या वडिलांना स्टीव्हंटनची जागा श्रीमंत नातलगाने दिली, आणि शेजारच्या डीनच्या जागेसाठी त्यांच्या चुलत्याने पैसे मोजले. त्या काळी ह्यात फारसे कोणाला वावगे वाटत नसे.

ही विक्री विसाव्या शतकात कायद्याने बंद झाली. हक्क मात्र शिल्लक आहे. राजसत्ता, बिशप, ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजे आणि काही जुनी घराणी आजही हक्कदार आहेत. १९८६ च्या कायद्याने त्यांच्यासमोर पॅरिशमधील लोकांना उभे केले. जागा रिकामी झाली की पॅरिशचे मंडळ आपली स्थिती, गरजा व परंपरा सांगणारे निवेदन तयार करते आणि दोन प्रतिनिधी निवडते. हक्कदाराने सुचविलेल्या व्यक्तीस बिशपांची आणि ह्या दोघांची संमती लागते. ती नाकारली गेली, तर आर्चबिशपांकडे दाद मागता येते. मंडळाच्या ह्या बैठकीस जाणाऱ्या धर्मगुरूला आणि हक्कदाराला बसता येत नाही. आमच्या मते कायद्यातील सर्वांत शहाणपणाचे कलम हेच. सांभाळलेल्या माणसांचे आपल्यामागे कसे होईल, ही काळजी प्रेमाचीच असते. पण प्रेमाच्या काळजीची हुकमत होण्यास वेळ लागत नाही.

खरी परीक्षा असते ती निवेदनाची. धर्मगुरू तरुण हवा पण अनुभवी, विद्वान हवा पण सोपे बोलणारा, असे लिहिणे सोपे. आपल्यांत दोन तट आहेत, छप्पर गळते, वर्गणी आटली, हे लिहावयास धैर्य लागते. खोट्या वर्णनावर विसंबून येणारा माणूस घरदार हलवून येतो, आणि त्याचा अर्थ बदलीच्या हुकमावर परमुलखात बिऱ्हाड मांडणाऱ्या आमच्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

आता एक अडचणीचे उदाहरण. १७८२ साली केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमधील जागा रिकामी झाली. लोकांना तेथील सहायक हॅमंड हवे होते. परंतु चार्ल्स सिमियन ह्या २३ वर्षांच्या तरुणाच्या वडिलांनी आपल्या ओळखीच्या बिशपांना पत्र घातले, आणि नेमणूक सिमियनची झाली. शुद्ध वशिला! लोकांनी चर्चमधील आपापल्या बैठकींच्या दारांना कुलपे ठोकली. सिमियनने स्वखर्चाने मधल्या वाटेत बाके मांडली. ती वॉर्डनांनी बाहेर फेकून दिली. दुपारच्या प्रवचनकाराची निवड लोकांच्या हाती होती. ती जागा त्यांनी हॅमंडना दिली, आणि सिमियनला ती मिळण्यास १७९४ साल उजाडले. तो मात्र हलला नाही. ५४ वर्षे तेथेच राहून १८३६ साली तो वारला, तेव्हा अंत्यविधीच्या दिवशी केंब्रिजमधील दुकाने बंद होती. नव्या कराराचे उर्दू भाषांतर करणारा हेन्री मार्टिन हिंदुस्थानात येण्यापूर्वी ह्याच सिमियनचा सहायक होता.

दोन प्रतिनिधींचा नकाराधिकार त्या वेळी असता, तर सिमियनला चर्चचा उंबराही ओलांडता आला नसता. मग लोकांना काय कळते, असे कोणी विचारील. आम्हांला हा युक्तिवाद पटत नाही. त्या ५४ वर्षांनी बिशपांची निवड योग्य ठरत नाही; सिद्ध होते ती सिमियनची सहनशीलता. कायदा करावयाचा तो असामान्यांसाठी नव्हे, तर कुलूप पाहून मनाने कडवट होणाऱ्या साध्या माणसांसाठी. आणि न विचारता माथी मारलेल्या माणसाजवळ मन मोकळे करावयाचे कोणी? उलटपक्षी, लोकांचीच निवड अखेरची मानली, तर धर्मगुरू त्यांना रुचेल तेवढेच बोलू लागेल. त्यांच्या कुलपांना तो कधी कुलपे म्हणणार नाही. म्हणून ‘हा नको’ म्हणण्याचा अधिकार लोकांना असावा, ‘हाच हवा’ म्हणण्याचा नसावा, असे आम्हांस वाटते.

स्वतः सिमियनचे मत काय होते? पुढे त्यानेच नियुक्तीचे हक्क विकत घेण्याचा सपाटा लावला, आणि ते विश्वस्तांच्या हाती सोपविले. तो न्यास आजही आहे. विश्वस्तांना त्याने बजावून ठेवले की, बड्या लोकांच्या शिफारशींना भुलू नका, कोणाचे कुटुंब मोठे म्हणून दया दाखवू नका, आणि आपल्या सहायकालाच नेमा म्हणून पॅरिशने केलेल्या अर्जांपासून तर विशेष सावध राहा. पहिल्या सूचनेने सिमियनची स्वतःची नेमणूक बाद होते, शेवटच्या सूचनेने हॅमंडची.