श्रेय आणि श्रेयांक

मराठीत ‘क्रेडिट’ या संज्ञेसाठी ‘श्रेयांक’ हा शब्द रूढ झाला, तेव्हा दोन भिन्न मूल्यव्यूह एका शब्दात नकळत एकत्र आले. कठोपनिषदात श्रेय हे प्रेयापासून वेगळे केले आहे. ते निवडावे लागते, साठवता येत नाही. श्रेयांक मात्र साठवता येतो, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतो. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी बँकही निर्माण केली. पाउलो फ्रेरे यांनी शिक्षणाच्या ‘बँकिंग’ संकल्पनेची चिकित्सा केली ती रूपकाच्या आधारे; येथे ते रूपकच व्यवस्थेचे नाव झाले आहे.

या व्यवस्थेमागील न्यायबुद्धी नाकारण्याचे कारण नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. मोहफुले आणि तेंदूपाने यांच्या हंगामावर ज्या घराचे वर्ष उभे असते, तेथील विद्यार्थ्याने शिक्षण मध्येच सोडले तर पूर्वी त्याच्या हाती केवळ अपूर्णतेचा शेरा उरे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार त्याला एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका मिळू शकते आणि परतीची वाटही खुली राहते. ही सवलत क्षुल्लक नव्हे.

परंतु या रचनेत एक अबोल श्रेणीक्रम दडलेला आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याने चार श्रेयांकांचे कौशल्याधारित शिक्षण वा कार्यानुभव पूर्ण करावा, अशी अट आहे; चौथ्या वर्षापर्यंत टिकणाऱ्यासाठी संशोधन आहे. म्हणजे कौशल्य हा निघून जाणाऱ्याचा वाटा आणि चिंतन हा राहणाऱ्याचा. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधींनी हस्तव्यवसाय केंद्रस्थानी मांडला तो सर्व ज्ञानाचे माध्यम म्हणून, ज्ञानाला पर्याय म्हणून नव्हे.

याच भूमीतील मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव येथे कसोटीसारखा आहे. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यापूर्वी कित्येक वर्षे तेथे अभ्यासगट चालत होता आणि ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होत होते. बांबूपासून वस्तू घडविण्याची कला चिचपल्लीच्या प्रशिक्षण केंद्रात शिकविता येते, तिचे तासही मोजता येतात. परंतु कोणता बांबू तोडावा, किती राखावा आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा विवेक चर्चेतून घडतो. तो कोणा एकाच्या मालकीचा नसतो. म्हणून कोणा एकाच्या खात्यात जमाही होऊ शकत नाही.

पूर्वज्ञानालाही श्रेयांक देण्याची तरतूद नव्या आराखड्यात आहे, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे. तथापि तीस तासांचा एक श्रेयांक हे माप आधीच ठरलेले असते; जंगलाच्या ज्ञानाने त्यात बसावे, एवढीच अपेक्षा असते. ज्याचे ज्ञान मोजले जाते त्याला मापाविषयी बोलण्याचा अधिकार नसेल, तर मान्यता हीदेखील एक प्रकारची जप्तीच ठरते. विद्यापीठ ग्रामसभेला अभ्यासविषय मानते, की परीक्षक म्हणूनही स्वीकारते, यावर या सुधारणेचे नैतिक मोल अवलंबून आहे. दुसरा पर्याय स्वीकारला, तरच श्रेयांकातील ‘श्रेय’ या पूर्वपदाला काही अर्थ उरेल.