वेदांनी भुंकावे काय?

नृसिंहवाडीला देवळाच्या वाटेवरच्या दुकानांत पेढ्यांबरोबर दत्ताच्या तसबिरीही मिळतात. गाभाऱ्यात पूजा पादुकांची. तीन शिरे, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री पाहायची ती या तसबिरींत. गाय म्हणजे पृथ्वी, कुत्री म्हणजे चार वेद, असे आपल्याला लहानपणी सांगतात आणि आपण मान डोलावतो. माझा भाचा मान डोलावणाऱ्यांतला नाही.

"मामा, वेदाचा कुत्रा झाल्यावर त्याला वेद येतात का?"

त्याला हा प्रश्न पडणारच. तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ फासे, कागद, पेन्सिल आणि भरपूर वादावादी एवढ्यावर चालतो. (फासे वगळले तर आमच्या सोसायटीची सभाही.) त्यात जादूगाराच्या दिमतीला एक प्राणी असतो आणि त्याचे रूप बदलता येते. सध्याचा नियम असा, की मांजराचे घुबड केले की डोळे घुबडाचे, पंख घुबडाचे, मांजरपणा संपला. धन्याशी मनातल्या मनात बोलणे मात्र कायम, तेही शंभर फुटांपर्यंत! एवढ्या अंतरावरून आमच्या घरात ओरडूनही कोणाला ऐकू जात नाही.

आपल्याकडे मात्र नियम एक नाही. पैठणचा रेडा रेडाच राहिला आणि वेद बोलला. नाथांच्या घरी श्रीखंड्या झालेल्या देवाने, कथेप्रमाणे, बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले. देवपण कुठे वापरले नाही. आणि गुरुचरित्रातली ती गाणगापूरची गोष्ट! नृसिंह सरस्वतींनी जमिनीवर सात रेघा ओढल्या. त्या ओलांडून एक पतित असा काही वेद म्हणू लागला, की वादाला आलेले दोन गर्विष्ठ पंडित गारच पडले. पुढे अंगावर पाणी पडले, भस्म धुतले गेले आणि विद्याही गेली. आपण पंडितांची फजिती चवीने सांगतो; पण त्या माणसाची बायको मुलाबाळांना घेऊन आली होती, ते विसरतो. वेद येत होते तोवर त्याने तिला जवळ येऊ दिले नाही. विद्या उतरल्यावर तो मुकाट्याने घरी गेला.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, "येत नसणार. पण म्हणून तसबिरीतून त्यांना कोणी काढलं का?"

"मग घाटावरच्या कुत्र्याला हाड् का म्हणतात?"

यावर मी पेढा पुढे केला. मामांचे हे जुने अस्त्र आहे.

त्याला खरे उत्तर आमच्या घरातच मिळेल. आमचे काका संस्कृतचे शिक्षक. शब्दांची रूपे अशी म्हणायचे, की ऐकणाऱ्याने आपोआप ताठ बसावे. आता त्यांना 'राम'सुद्धा चालवता येत नाही. जुने विद्यार्थी येतात, अगदी डोळ्यांसमोर तोंड नेऊन विचारतात, "सर, मला ओळखलंत का?" ज्यांची तोंडी परीक्षा सरांनी घेतली, ते आता सरांची घेतात. सर नापास होतात. मग ही मंडळी काकूंकडे वळून, काका तिथे नसल्यासारखी त्यांच्याविषयी बोलू लागतात.

काका त्यांना ओळखत नाहीत. फक्त खुर्ची पुढे सरकवतात आणि विचारतात, "जेवून जाणार ना?"

बहुतेकांना घाई असते.