अर्थ पदाचा की वाक्याचा?

सुट्या पदांचे अर्थ जुळवून वाक्याचा अर्थ होतो, की वाक्यात गुंफलेले असतानाच पद अर्थ सांगते, हा पूर्वमीमांसेतला जुना वाद आहे. धर्म वेदातल्या विधिवाक्यांवरून ठरवायचा, तर वाक्य अर्थ कसा देते हे आधी ठरवावे लागते. या वादाचे मूळ त्यात आहे. परकी भाषा शिकवणाऱ्यालाही तो टाळता येत नाही.

कुमारिल भट्टांच्या अभिहितान्वयवादानुसार पदे आपापला अर्थ सांगतात आणि मग आकांक्षा (एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा), योग्यता (अर्थांचा मेळ) व संनिधी (पदांची जवळीक) यांच्या बळावर त्या अर्थांचा अन्वय लागतो. प्रभाकरांच्या अन्विताभिधानवादानुसार पद सुटा अर्थ सांगतच नाही. त्यांचा आधार वृद्धव्यवहाराचा: थोरला माणूस ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा ती आणतो, मूल पाहत असते. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी अदलाबदल ऐकून त्याला एकेक पद उमगते. या अदलाबदलीला आवाप-उद्वाप म्हणतात. या दोघांच्याही आधी होऊन गेलेल्या भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त वाक्य अखंड मानले, पदे ही त्याच्या मते व्याकरणाच्या सोयीसाठी केलेली फोड.

मुंबईत घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरातले मूल हिंदी आणि कामापुरती मराठी शिकते ते वृद्धव्यवहारानेच. भाजीवाला, रिक्षावाला, सोसायटीतले सवंगडी हे त्याचे शिक्षक. फ्रेंचचे तसे नाही. अंधेरी-बोरिवलीच्या शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत हा विषय बहुधा मार्कांसाठी घेतला जातो आणि वर्गाबाहेर ती भाषा कानावर पडत नाही. त्यामुळे शिकवणे कुमारिलांच्या वाटेने चालते: शब्दार्थ पाठ, क्रियापदांचे तक्ते पाठ, मग जुळवाजुळव. पहिली दोन वर्षे हे निभते.

मध्यम पातळीवर ते अडते. युरोप परिषदेने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या भाषापातळ्यांच्या चौकटीत ही पातळी बी-1 आणि बी-2 अशी आहे. ‘पासे कोंपोझे’ आणि ‘अँपार्फे’ हे दोन्ही भूतकाळ विद्यार्थ्याला तक्त्यातून येत असतात. कुठला कधी वापरायचा, हे तक्ता सांगत नाही. ‘मी बाहेर पडलो तेव्हा पाऊस पडत होता’ हे फ्रेंचमध्ये ‘इल प्लव्हे काँ ज स्युई सोर्ती’ असे होते. पाऊस चालू होता म्हणून त्याला अँपार्फे, बाहेर पडणे एकदाच घडले म्हणून त्याला पासे कोंपोझे. नुसते ‘काल पाऊस पडला’ म्हणायचे तर त्याच पावसाला पासे कोंपोझे लागतो. काळाची निवड क्रियापदावरून होत नाही, सांगायच्या प्रसंगावरून होते. प्रभाकरांचा पक्ष इथे वरचढ ठरतो.

तरी कुमारिलांचा पक्ष खोटा ठरत नाही. आवाप-उद्वापाने सुटे झालेले पद विद्यार्थी नव्या वाक्यात वापरतो, कधीच न ऐकलेले वाक्यही समजून घेतो. पदाला स्वतःचा अर्थ मानल्याशिवाय याची सोपी उपपत्ती लागत नाही. पण तो अर्थ मुळात व्यवहारातून आलेला असतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

परीक्षाही या दोन पक्षांत विभागलेल्या दिसतात. राज्य मंडळाच्या बारावीला भाषेच्या 100 गुणांपैकी 80 लेखी परीक्षेला असतात, त्यामुळे पाठांतरावर बरेच भागते. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या डेल्फ बी-1 परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी 25 गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 50 आणि प्रत्येक भागात किमान 5 गुण लागतात. बोलण्यात शून्य मिळवणारा बाकी पेपर कितीही चांगले गेले तरी नापास होतो.

तेव्हा सुरुवातीला पद आधी, मध्यम पातळीवर वाक्य आधी, असा क्रम योग्य ठरतो. उपनगरातला रस्ता फ्रेंच बोलत नाही. म्हणून आज्ञा देणे, ती पाळणे, घडलेले सांगणे आणि त्यावर प्रश्न विचारणे हा सगळा वृद्धव्यवहार शिक्षकाने वर्गातच घडवून आणला पाहिजे. तो टाळला, तर विद्यार्थ्याला मार्क मिळतील, भाषा येणार नाही.